चेहऱ्याची प्रत



एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ग्रेडर म्हणजे काय ते सांगायला नको. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, बैल सोडून माणसे गाडीखाली झोपायची, आणि नंबर लागला की ग्रेडर मूठभर कापूस उचलून, बोटांनी ताणून, उजेडाकडे धरून एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर वर्षाचा हिशोब ठरायचा. का, म्हणून विचारण्याची सोय नव्हती.

ती योजना गेली. ग्रेडर मात्र गेला नाही. आता तो कापसाऐवजी आपल्या चेहऱ्याची प्रत ठरवतो. कधी तो बँकेच्या टेबलामागे बसलेला असतो, कधी सेतू केंद्राच्या खिडकीत, आणि अलीकडे तर तो माणूसही नसतो, मोबाइलच्या पडद्यावर उमटणारी लाल अक्षरे असतात. फोटो अस्पष्ट आहे. पार्श्वभूमी योग्य नाही. चेहरा जुळत नाही. अर्ज नामंजूर.

गेल्या वर्षभरात गावोगावच्या बैठकांत आम्ही एक प्रश्न मुद्दाम विचारत आलो. कोणाचा अर्ज कशामुळे परत आला? सातबारावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, हे पहिले कारण निघते. ते जुने दुखणे आहे आणि त्यावर आपण पूर्वी लिहिले आहे. दुसऱ्या कारणाची आम्हाला एवढी कल्पना नव्हती. ते कारण म्हणजे फोटो. पीककर्जाच्या नूतनीकरणाला दोन फोटो, निराधारच्या अर्जाला फोटो, मतदार यादीत नाव घालायला फोटो, सोसायटीच्या सभासदत्वाला फोटो. २०२४ साली लाडक्या बहिणीच्या अर्जासाठी गावागावात बायका एका मोबाइलपुढे रांगा लावून उभ्या होत्या त्या आपण सर्वांनी पाहिल्या. त्याआधी, २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घेण्याचा नियम आला. खड्डा किती खोल खणला ते नंतर. आधी तोंड दाखवा.

एक फोटो नापास झाला म्हणजे नेमके काय होते, ते कार्यालयातल्या साहेबाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती एक ओळ आहे, ‘नवीन फोटो जोडावा’. आपल्या दृष्टीने तो एक दिवस आहे. सकाळची एसटी, तालुक्याच्या गावी स्टुडिओ उघडायची वाट, फोटो तयार होईपर्यंत चहा, मग बँकेत गेल्यावर साहेब जेवायला गेलेले. वेचणीच्या दिवसांत एक दिवस म्हणजे फुटलेली बोंडे झाडावर राहणे, आणि वर पाऊस आला की सरकी कोंबारलेला कवडी कापूस. बाईमाणसाला मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे भाडे आहे, ते चांगलेच झाले. पण बुडालेला रोज काही अर्धा बुडत नाही, तो पुरा बुडतो.

तेव्हा या अंकात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, घरच्या ओसरीवर, घरच्या मोबाइलवर, घरच्याच माणसाने काढलेला फोटो कोणत्याही टेबलावर पास होईल असा कसा काढायचा. दुसरी, असा फोटो देऊनही कोणी तो परत केला तर काय करायचे. काही कार्यकर्ते म्हणतील, भावाची लढाई सोडून संपादकीयात फोटो काढायला काय शिकवता? त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की २०२५ च्या हंगामात हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी मोबाइलवर नोंदणी करा असे फर्मान निघाले. मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये भाव जाहीर झाला, पण त्या भावापर्यंत जाण्याची वाट मोबाइलमधून होती, आणि सातबारा व आधार मोबाइलला नीट वाचता आले नाहीत तर ती वाट बंद होती. भाव मागायला जाणारा माणूस दारातच अडकला तर मागणी कोण करणार?

आता कामाला लागू.

सर्वांत आधी उजेड. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले, त्यामुळे फोटोच्या उजेडाचे आम्ही कापसाच्या भाषेतच सांगू. कापसाचा रंग पारखणारे जुने जाणकार उत्तरेकडून येणारा उजेड मागत. रुईची प्रत ठरवायच्या खोल्यांना उत्तरेकडून झरोके ठेवण्याची पद्धत जगभर होती. कारण सोपे आहे. थेट उन्हात पांढरे ते जास्तच पांढरे दिसते आणि डाग सावलीत लपतात. उत्तरेचा उजेड सगळीकडून सारखा, मऊ येतो, आणि वस्तू जशी आहे तशी दिसते. कपाशीवर लाल्या किती पसरला ते पाहायलासुद्धा आम्ही भर दुपारी पान न्याहाळत नाही, पान अंगाच्या सावलीत धरतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. भर उन्हात उभे केलेत तर कपाळ चमकते, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, नाकाची सावली ओठावर येते आणि डोळे मिटले जातात. घरात अंधाऱ्या खोलीत बल्बखाली उभे केलेत तर चेहरा पिवळा येतो आणि फोटो खरबरीत निघतो.

म्हणून जागा निवडायची ती ओसरी, पडवी, किंवा घराच्या सावलीतले अंगण. अंगावर ऊन नको, पण समोर मोकळे आकाश हवे. चेहरा आकाशाकडे, पाठ भिंतीकडे. उत्तरेची बाजू असेल तर उत्तम. ध्यानात एवढेच ठेवा की मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या भागात डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागते. एरवी सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतर कोणत्याही घराला एक तरी सावलीची बाजू मिळते. ढगाळ दिवस तर सर्वांत चांगला. पेरणी अडकली असेल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून घ्या.

मग मागची बाजू. मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज पाहा. त्यात फोटोच्या चौकटीत लिहिलेले असते की रंगीत फोटो, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पूर्ण चेहरा समोरून, पार्श्वभूमी पांढरी. बहुतेक कार्यालयांचा नियम याच मापाचा असतो. आपल्या भिंती कुठे शेणामातीच्या, कुठे निळीने रंगवलेल्या, कुठे विटांच्या. त्यासाठी भिंत रंगवायची गरज नाही. धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर दोन खिळ्यांना ताणून बांधा. सुरकुत्या नकोत, नाही तर चेहऱ्यामागे नांगरटीच्या सऱ्या पडल्यासारखे दिसते. माणसाला कापडाला टेकवून उभे करू नका. दोन-अडीच फूट पुढे उभे करा, म्हणजे सावली कापडावर पडत नाही. स्टुलावर बसवले तरी चालेल, खांदे सरळ राहतात.

इथेच आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, जी शहरातल्या नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेली नसणार. शेतकऱ्याचा ठेवणीतला वेष पांढरा. पांढरा सदरा, पांढरी टोपी. पांढऱ्या कापडापुढे पांढरा सदरा घालून बसलेला म्हातारा फोटोत असा दिसतो की नुसते मुंडके हवेत तरंगते आहे. यंत्राला खांदा कुठे संपला ते कळत नाही आणि फोटो परत येतो. त्या दिवसापुरता पोराचा गडद रंगाचा शर्ट घाला. टोपी काढून ठेवा. टोपी काढायला आपल्या म्हाताऱ्यांना संकोच वाटतो, चारचौघांत उघड्या डोक्याने बसणे त्यांना बरे वाटत नाही. म्हणून तर घरी फोटो काढावा असे आम्ही म्हणतो. घरात नातवाने काढलेल्या फोटोत तो संकोच राहत नाही.

बायकांच्या डोक्यावरच्या पदराबद्दल पुष्कळ ठिकाणी उगाच हुज्जत होते. डोके झाकलेले असण्याला नियमाची हरकत नसते, हरकत चेहरा झाकण्याला असते. पदर केसांच्या रेषेपर्यंत मागे घ्यावा. कपाळ, दोन्ही गालांच्या कडा आणि हनुवटी उघडी दिसावी, आणि पदराची सावली कपाळावर पडू नये. कुंकू, टिकली, मंगळसूत्र यांनी काही बिघडत नाही. चष्मा मात्र काढावा. काचेवर आकाश चमकते आणि बुबुळे दिसत नाहीत, आणि यंत्र सर्वांत आधी डोळेच शोधते.

कॅमेरा धरणाऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट, मोबाइलची काच पुसावी. हसू नका, निम्मे अस्पष्ट फोटो यानेच होतात. शेतात खिशात ठेवलेल्या मोबाइलच्या काचेवर घाम, तंबाखू आणि धूळ यांचा थर असतो. मऊ सुती फडक्याने पुसून घ्या. दुसरी, स्वतःचा फोटो स्वतः काढू नका. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तो दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. दुसऱ्या माणसाने मागच्या कॅमेऱ्याने, चार-पाच फुटांवरून, फोटो काढावा. चेहरा लहान आला तर नंतर कापून मोठा करता येतो. तिसरी, मोबाइल डोळ्यांच्या बरोबरीला धरावा. उंच माणूस वरून फोटो काढतो आणि बसलेल्या म्हातारीचे कपाळ तेवढे मोठे येते. काढणाऱ्यानेही बसावे.

आणि मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत, गोरा करण्याची जी करामत असते ती बंद करावी. मागची बाजू आपोआप धूसर करणारीही बंद करावी, ती कानाच्या कडा खाते. पोरांना हा मोह फार. सासूचा फोटो वीस वर्षांनी तरुण करून दिला तर घरात कौतुक होईल, पण आधारवरच्या चेहऱ्याशी तो जुळायचा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपले बहुतेक सारे लोक उन्हात रापलेले, सावळे. पांढऱ्या कापडापुढे फोटो काढला की चेहरा काळा ठिक्कर येतो, डोळे-नाक काही कळत नाही, आणि खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘काका, तुमचा फोटोच नीट येत नाही.’ काकांना वाटते आपल्याच चेहऱ्यात खोट आहे. खोट चेहऱ्यात नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, सरासरी कळते. समोर जे दिसते त्यातला सगळा उजेड तो एकत्र मोजतो आणि एकूण चित्र मध्यम करडे येईल एवढाच उजेड आत घेतो. पीकविम्याचा हप्ता भरणाऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. महसूल मंडळातल्या चार गावांत पाऊस झाला आणि तुमच्या शिवारात झाला नाही, तरी मंडळाची सरासरी बरी निघते आणि तुमचे जळालेले वावर त्या सरासरीत बुडते. इथे पांढरी चादर म्हणजे पाऊस झालेली गावे आणि तुमचा चेहरा म्हणजे तुमचे वावर. चादर फार उजळ, म्हणून कॅमेरा सगळाच उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. नव्या, महागड्या मोबाइलला चेहरा ओळखून थोडी दुरुस्ती करता येते. पाच-सहा वर्षे वापरलेल्या स्वस्त मोबाइलकडून ती अपेक्षा ठेवू नका.

उपाय सोपा आहे आणि तो विम्यात असता तर किती बरे झाले असते. कॅमेऱ्याला सांगायचे की सरासरी सोड, या वावराकडे बघ. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावरच बोट ठेवून दाबा. पुष्कळ मोबाइलांत शेजारी सूर्याचे एक चिन्ह येते, ते बोटाने किंचित वर सरकवा. चेहरा उजळेल. चादर पांढरीफट्ट झाली तरी हरकत नाही. आणखी एक युक्ती म्हणजे मांडीवर, फोटोत न येईल असे, पांढरे कापड अंथरायचे. खालून उजेड परतून हनुवटीखालचा आणि डोळ्यांखालचा अंधार जातो.

सावळ्या चेहऱ्याचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. फिल्मच्या काळात अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीची रंग जुळवायची नमुना-कार्डे गोऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बेतलेली असत, आणि त्यावर जुळवलेल्या यंत्रातून काळ्या माणसांचे फोटो वाईट निघत. यंत्रे बदलली, खोड पुरती गेली नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यानंतर यंत्रणांत सुधारणा झाल्या आहेत. तरी वावरात राबणाऱ्या बाईचा चेहरा यंत्राने नाकारला तर आधी यंत्राकडे संशयाने पाहावे, बाईकडे नव्हे.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. पूर्वी अंगठा पुरत असे. जन्मभर कापूस वेचून, बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे फाटून, निंदण-खुरपण करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. अशांसाठी चेहरा हाच उरलेला उपाय. नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला आणि जून २०२३ पासून पीएम किसानची ओळख-पडताळणी मोबाइलपुढे चेहरा धरून घरबसल्या करता येऊ लागली. तिथे फोटो जोडायचा नसतो, मोबाइल समोरचा जिवंत चेहरा पाहतो. पण वर सांगितलेले सगळे तिथेही लागू आहे. ओसरीची सावली, समोर आकाश, चष्मा बाजूला, काच पुसलेली. तीनदा नापास झालेली म्हातारी जागा बदलली की चौथ्यांदा पास होते, हे आम्ही अनेक गावांत पाहिले आहे.

फोटो कसा दिसावा? नजर सरळ कॅमेऱ्यात, तोंड मिटलेले, चेहरा शांत. हसणे घरच्या फोटोसाठी ठेवा. केस कपाळावरून मागे. डोक्याच्या वर थोडी मोकळी जागा, खाली खांद्यांचा वरचा भाग. हनुवटीपासून डोक्यापर्यंतचा चेहरा फोटोच्या उंचीच्या साधारण तीन चतुर्थांश असावा. लागोपाठ आठ-दहा फोटो काढा आणि त्यातला एक निवडा, एकात तरी डोळे मिटलेले निघतातच. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो काढावा. आधाराला धरलेला आईचा हात फोटोत येऊ देऊ नये.

कागदावर छापून घ्यायचा असेल तर गावातल्या पोरांकडून चार बाय सहा इंचाच्या एका चौकटीत साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो बसवून घ्या, चार एका ओळीत अशा दोन ओळी. ती चौकट एक फोटो म्हणून छापायला द्यायची. एका प्रिंटच्या पैशात आठ फोटो होतात. कात्रीने कापून चार सोसायटीला-बँकेला, चार पत्र्याच्या पेटीत. मागे पेन्सिलने तारीख लिहून ठेवा. संगणकावर जोडायचा असेल तर हाच आकार ४१३ बाय ५३१ ठिपक्यांचा होतो. अर्जावर किती केबीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते, ते आधी वाचा. आधी फोटो कापा, मग लहान करा. उलटे केले तर चेहऱ्याचा चुरा होतो. आणि व्हॉट्सॲपवरून सेतूवाल्याला पाठवायचा तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की वाटेत त्याची पिळवणूक होते, तिकडे पोचतो तो चोथा.

काही फोटो घरून देताच येत नाहीत, त्यात वेळ घालवू नये. आधारवरचा फोटो आधार केंद्रावर जाऊनच बदलतो. पासपोर्टसाठी मोठ्या माणसाचा फोटो सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा तेवढा सोबत न्यावा लागतो.

एक इशारा. फोटो आणि आधारची झेरॉक्स या दोन गोष्टी एकत्र ज्याच्या हातात गेल्या त्याच्या हातात तुमची अर्धी सही गेली. योजना मिळवून देतो म्हणून गावात फिरणाऱ्या अनोळखी माणसाला दोन्ही देऊ नका. जिथे द्यावीच लागते तिथे झेरॉक्सवर आडवे लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रत काढता येते, चालत असेल तिथे तीच द्या. फोटो मात्र कोरा द्यावा, त्यावर सही करायची की नाही हे अर्ज सांगेल. मतदार नोंदणीच्या अर्जावर तो बिनसहीचाच लागतो.

आता दुसरा मुद्दा, म्हणजे आपल्या बाजूचा प्रश्न. २०१० च्या सप्टेंबरात देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. तेव्हा सांगितले गेले की एकदा चेहरा, बोटे आणि डोळे दिले की प्रत्येक दारात ओळख पटवत फिरावे लागणार नाही. त्याआधी १९९३ साली निवडणूक आयोगाने फोटो ओळखपत्राचा हुकूम काढला, तेव्हाही आपण रांगेत उभे राहून फोटो दिले. त्यातले कितीतरी असे निघाले की घरच्यांनाही माणूस ओळखू येईना. एप्रिल २०२५ पासून राज्यात योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही आधारशी जोडलेला. म्हणजे सरकारजवळ आपला चेहरा एकदा नाही, तीन-तीनदा जमा आहे. तरी प्रत्येक टेबल म्हणते, दोन फोटो आणा. आमचे म्हणणे असे आहे की एका खात्याने घेतलेला फोटो, शेतकऱ्याची संमती असेल तर, दुसऱ्या खात्याने वापरावा. आणि ज्याला ते नको असेल त्याचा घरी काढलेला फोटो, नियमात बसत असेल तर, ‘स्टुडिओचाच आणा’ असे न म्हणता घ्यावा. मतदार अर्जावरच्या नियमात स्टुडिओ हा शब्दच नाही.

फोटो नापास केला तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. त्याखाली ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांचा अर्ज फेटाळायचा तर अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावे लागते, आणि तीस दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. ‘फोटो नीट नाही’ एवढे कारण पुरेसे नाही. काय नीट नाही? उजेड, पार्श्वभूमी, माप की चेहरा? असे विचारले की निम्म्या वेळा तोच फोटो पास होतो. सेवा त्या यादीत आहे की नाही हे कार्यालयाच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असायला हवे. फलक नसेल तर तेही कळवा. बँका या कायद्यात येत नाहीत. तिथे शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि एकट्याने न जाता गावातल्या चार खातेदारांनी मिळून जावे.

पुढच्या जिल्हा बैठकीत मंडपाच्या उत्तर बाजूला, सावलीत, एक पांढरी चादर ताणलेली असेल. सकाळी नऊपासून भाषणे सुरू होईपर्यंत तिथे फोटो काढून दिले जातील आणि काढायला शिकवलेही जाईल. प्रत्येक गावाने एक मुलगा आणि एक मुलगी पाठवावी. मुलगी जरूर पाठवावी, कारण बायकांचे फोटो बायकांनी काढले तर म्हाताऱ्या बाया मोकळ्या बसतात. गडद रंगाचा शर्ट किंवा पोलके घालून यावे. ज्यांचे फोटो गेल्या हंगामात परत आले त्यांनी तो फोटो, अर्जाची पोच आणि नामंजुरीचा कागद किंवा मोबाइलवरचा निरोप सोबत आणावा. गावनिहाय यादी त्याच दिवशी तयार होईल आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी नुसता चेहरा घेऊन यावे.